शिष्यांचें वार्धक्य

ऐंशी वर्षांच्या गृहस्थानें झगमगीत अंगरखा घालून पन्नास-साठ हजार लोकांपुढें नाचावें काय, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेंतील वृत्तपत्रें गेलीं कित्येक वर्षें मोठ्या हौसेनें चघळीत आलीं आहेत. प्रश्नाचा रोंख अर्थात् मिक जॅगर या गायकाकडे व त्याच्या रोलिंग स्टोन्स या मंडळीकडे असतो. १९६२ सालीं लंडनमध्यें निघालेली ही मंडळी २०२४ च्या एप्रिलमध्यें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरापासून पुनः एका दौऱ्यास निघाली, तेव्हां जॅगर व त्याचा बालमित्र कीथ रिचर्ड्स हे दोघेहि ऐंशीचे होते, आणि त्यांतल्या त्यांत तरुण म्हणावा असा रॉनी वुड सत्त्याहत्तरीला टेंकला होता. त्या दौऱ्याचा पुरस्कार अमेरिकेंतील निवृत्त व वयस्क लोकांच्या एका बलाढ्य संघानें केला होता! थट्टेखोरांस यापेक्षां अधिक काय हवें?

आम्ही या संगीताचे जुने चाहते आहों, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें. म्हणजे पुढील विवेचनांत कोठें पक्षपात दिसल्यास वाचकांस त्याचें मूळ शोधीत बसावें लागणार नाहीं. चाहता हा इतिहासकार म्हणून फारसा विश्वासार्ह नसतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तीच तबकडी पन्नास वेळां ऐकण्याचे श्रम चाहत्यावांचून दुसरा कोण घेणार? आमचा आक्षेप थट्टेखोरांवर जितका आहे तितकाच आमच्या पंथांतील भाबड्या भक्तांवर आहे. पहिले म्हणतात, हें पोरांचें संगीत, म्हाताऱ्यांनीं तें सोडावें. दुसरे म्हणतात, आमचे हे म्हातारे अजून पोरेंच आहेत. दोघांच्याहि मनांत एकच समजूत आहे कीं, रॉक म्हणून जें संगीत ओळखलें जातें तें मुळांत तारुण्याचें संगीत होय. ही समजूत इतिहासाला धरून नाहीं, एवढेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

ती रूढ होण्यास कारणें होतीं, हें मात्र कबूल केलें पाहिजे. महायुद्धानंतर इंग्लंडांत अन्नधान्याचें नियंत्रण १९५४ पर्यंत चाललें. सक्तीच्या लष्करी नोकरीची भरती १९६० च्या अखेरीस थांबली. १९४० ते १९४५ च्या दरम्यान जन्मलेल्या मुलांना त्यामुळें वडील भावांना न लाभलेलीं दोन वर्षें मोकळीं मिळालीं, आणि खिशांत थोडा पैसाहि खुळखुळूं लागला. तबकड्या विकणाऱ्या कंपन्यांनीं हें गिऱ्हाईक ताबडतोब हेरलें. १९६५ सालीं द हू या मंडळीनें ‘माय जनरेशन’ हें गाणें काढलें. तें रचणारा पीट टाउनशेंड तेव्हां वीस वर्षांचा होता, आणि वार्धक्याविषयींचा तिरस्कार त्या गाण्यांत अगदीं उघडा होता. पुढें त्या मंडळींतील तालवादक कीथ मून १९७८ सालीं बत्तिसाव्या वर्षींच वारला. जॉन एंटविसल २००२ च्या जूनमध्यें, दौरा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं गेला. उरलेले दोघे, टाउनशेंड व रॉजर डाल्ट्री, ऐंशी ओलांडून २०२५ सालीं अमेरिकेंत निरोपाचा दौरा करीत होते. थट्टेला याहून सोईचें उदाहरण सांपडणें कठीण.

मराठी वाचकास हा वाद अगदींच परका वाटूं नये. बालगंधर्वांनीं उतारवयांतहि स्त्रीभूमिका केल्या, तेव्हां गंधर्वभक्त गाण्याकडे पाहात आणि इतर लोक देहाकडे पाहात. वादाचें मर्म एवढेंच कीं, आपण ज्यास दाद देतों तें सोंग आहे कीं गायकी आहे? सोंगाला वय असतें. गायकीचें तसें नाहीं. रविशंकर यांनीं ४ नोव्हेंबर २०१२ रोजीं, ब्याण्णवाव्या वर्षीं, कॅलिफोर्नियांत प्राणवायूची नळी लावून सतार वाजविली. पुढें सुमारें पांच आठवड्यांतच त्यांचें निधन झालें. त्या जलशाविषयीं हळहळ पुष्कळांनीं व्यक्त केली, परंतु या वयांत यांनीं वाजवावेंच कां, असें कोणीं विचारलें नाहीं. रॉकवाद्यांस मात्र तें विचारलें जातें, कारण त्यांची कला सोंगाच्या खात्यांत जमा झालेली आहे.

आतां हीं पोरें वीस वर्षांचीं असतांना काय करीत होतीं, तें पाहूं.

१९५८ च्या शरदांत क्रिस बार्बर या जॅझवादकाच्या निमंत्रणावरून मडी वॉटर्स हा अमेरिकेंतील कृष्णवर्णीय गायक प्रथमच इंग्लंडांत आला. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत वाढलेला आणि पुढें शिकागोस येऊन वसलेला हा पुरुष त्या वेळीं पंचेचाळिशीचा होता. तो गात असे त्या प्रकारास ब्लूझ म्हणतात. याचा सांचा अगदीं साधा आहे. बारा मापांचा एक फेरा, त्यांत बहुधा तीनच स्वरसंगति, आणि पहिली ओळ दोनदां म्हणून तिसरीनें तिला उत्तर देण्याची रीत. आमच्या ओवीप्रमाणेंच सांचा सर्वांच्या मालकीचा असतो. त्यांत ओतावयाचें आयुष्य मात्र ज्याचें त्यानें आणावें लागतें. इंग्लंडांतील श्रोत्यांची अपेक्षा होती कीं, हा शेतकरी साधी लांकडी गिटार घेऊन हळू आवाजांत रडगाणीं गाईल. मडीनें विजेवर चालणारी गिटार आणली व ती मोठ्यानें वाजविली. कित्येक रसिकांस तें रुचलें नाहीं. ज्या थोड्यांना रुचलें त्यांत अलेक्सिस कॉर्नर व सिरिल डेव्हिस हे दोघे होते. त्यांनीं लंडनच्या ईलिंग भागांतील एका तळघरांत १७ मार्च १९६२ रोजीं ब्लूझचा अड्डा सुरू केला. रोलिंग स्टोन्सचे गायक, वादक व तालवादक एकमेकांस भेटले ते बहुतेक या अड्ड्याच्या आसपासच.

त्यापूर्वींची एक भेट आतां पुराणकथेच्या योग्यतेस पोंचली आहे. १७ ऑक्टोबर १९६१ रोजीं डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनावर कीथ रिचर्ड्सला आपला प्राथमिक शाळेंतील सोबती जॅगर दिसला. जॅगर तेव्हां लंडनच्या अर्थशास्त्राच्या विद्यालयांत शिकत होता, आणि त्याच्या काखेंत चक बेरी व मडी वॉटर्स यांच्या तबकड्या होत्या. त्या इंग्लंडच्या दुकानांत सहजासहजीं मिळत नसत. त्यानें त्या शिकागोच्या चेस कंपनीकडून टपालानें मागविल्या होत्या. डार्टफर्डकरांनीं २०२३ सालीं या दोघांचे पुतळे गांवांत उभारले आहेत. पुतळ्यांस आमची हरकत नाहीं. परंतु त्या भेटींतलें खरें आकर्षण त्या मुलाच्या काखेंत होतें, हें पुतळे पाहणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. स्वतः गाणीं रचण्याचा विचारहि त्या वेळीं त्यांच्या मनांत नव्हता. मंडळीचें नांवहि त्यांनीं मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या एका गाण्यावरून घेतलें.

एक वर्षानंतर, २१ ऑक्टोबर १९६२ रोजीं, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलांत अमेरिकेंतील ब्लूझ गायकांचा जलसा झाला. जॉन ली हुकर, मेम्फिस स्लिम, टी-बोन वॉकर, विली डिक्सन, सॉनी टेरी अशी एकाहून एक मातब्बर मंडळी त्यांत होती, आणि त्यांतील बहुतेक पंचेचाळिशी-पन्नाशीच्या घरांतील होती. हा जलसा ऐकण्याकरितां लंडनहून कांहीं पोरें एका मोटारगाडींत दाटीवाटीनें बसून सुमारें दोनशें मैलांचा प्रवास करून गेलीं. त्यांत जॅगर, रिचर्ड्स व ब्रायन जोन्स होते, आणि पुढें लेड झेपलिन ही मंडळी काढणारा अठरा वर्षांचा जिमी पेजहि होता. ज्यांना पुढें साऱ्या जगांतील पोरीबाळींनीं डोक्यावर घेतलें, ते स्वतः त्या दिवशीं आपल्या बापाच्या वयाच्या माणसांस ऐकावयास गेले होते. आमच्या मतें या सबंध इतिहासांतील सर्वांत बोलका प्रसंग हाच होय.

जॉन मेयॉल याचें उदाहरण तर आणखीच लक्षांत घेण्यासारखें आहे. तो १९३३ सालीं जन्मला, कोरियाच्या युद्धांत लष्करी नोकरी करून आला, चित्रकलेचें शिक्षण घेतलें, आणि कॉर्नरच्या सांगण्यावरून १९६३ सालीं लंडनला आला तेव्हां तो तिशीस पोंचला होता. त्या पोरांच्या मेळ्यांत तो जवळ जवळ वडिलधारीच ठरला. त्याच्या ब्लूझब्रेकर्स या मंडळींत एरिक क्लॅप्टन आला. तो गेला तेव्हां पीटर ग्रीन आला. ग्रीन फ्लीटवुड मॅक काढावयास गेला तेव्हां मिक टेलर आला, आणि त्यास पुढें रोलिंग स्टोन्सनीं नेलें. मेयॉलनें कधीं तक्रार केलेली नाहीं. दर वेळीं नवा मुलगा शोधला व शिकविला. १९६६ सालची क्लॅप्टनबरोबरची त्याची तबकडी आम्हीं किती वेळां ऐकली असेल याची गणती नाहीं. तीवर एकवीस वर्षांच्या क्लॅप्टनची गिटार अशी तापलेली आहे कीं, ऐकणाऱ्यानें सावरून बसावें. परंतु ऐकतां ऐकतां कान शेवटीं मेयॉलच्या किरट्या, अनाकर्षक आणि प्रामाणिक गळ्याकडे वळतो. त्यांत मिरवण्याची हौस नाहीं. घरचा कर्ता माणूस गात असावा तसा तो गातो.

अमेरिकेंतील गोऱ्या श्रोत्यांस ह्या गायकांची ओळख नव्हती, याचें आश्चर्य वाटतें. पण तेथें तबकड्यांचीं दुकानें, रेडिओ आणि वस्त्याहि वर्णाप्रमाणें वेगळ्या होत्या. विलायतेच्या पोरांना तें कुंपण नव्हतें, कारण त्यांना शेजारच नव्हता. त्यांचा सारा संबंध काळ्या तबकडीशीं. म्हणून इंग्रज पोरांनीं अमेरिकेचेंच संगीत अमेरिकेस परत नेऊन ऐकविलें, असा विलक्षण प्रकार घडला. १९६५ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ‘शिंडिग’ या दूरदर्शन कार्यक्रमांत रोलिंग स्टोन्सना बोलावलें, तेव्हां आमच्याबरोबर हाउलिंग वुल्फला आणावें असा त्यांनीं आग्रह धरला. वुल्फ हा मडी वॉटर्सचा समकालीन व प्रतिस्पर्धी. धिप्पाड देहाचा, आणि आवाज असा कीं लांकूड चिरल्याचा भास व्हावा. वय चोपन्न. अमेरिकेंतील घरोघरच्या गोऱ्या मुलांनीं त्या रात्रीं जें पाहिलें तें असें: वुल्फ उभा राहून गात आहे, आणि ज्यांच्यासाठीं त्या मुलांनीं यंत्र लावलें होतें ते पांच जण त्याच्या पायांशीं बसून ऐकत आहेत. हा प्रसंग चित्रफितीवर आहे. जॅगरवर नखऱ्याचा आरोप करणाऱ्यानें तो एकदां पाहावाच.

याच सुमारास एक तेवीस वर्षांचा इंग्रज दुसऱ्या दिशेनें याच कामास लागला होता. बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरांत मुंबईस आला आणि रविशंकर यांच्याजवळ सतार शिकूं लागला. सतारवादक म्हणून त्याची मजल फार लांब गेली नाहीं, व कांहीं वर्षांनीं तो गिटारीकडे परतला. परंतु कीर्तीच्या ऐन शिखरावर असतांना जमिनीवर बसून सरगमापासून आरंभ करण्याची त्याची तयारी होती. ती त्याच्या पिढीस कोणीं शिकविली? आम्हांस वाटतें, ती या ब्लूझच्या उमेदवारींतूनच आली. आपल्यापेक्षां वडील माणसाच्या हातांत कांहीं विद्या आहे, आणि ती बसून घ्यावी लागते, हें या पोरांच्या अंगीं मुरलेलें होतें.

चेस कंपनीच्या वास्तूविषयींची एक दंतकथा येथें सांगण्याचा मोह आवरत नाहीं. रोलिंग स्टोन्स १९६४ च्या जूनमध्यें शिकागोस या कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत गेले, तेव्हां मडी वॉटर्स शिडीवर चढून छताला रंग देत होता, असें रिचर्ड्स आजवर सांगत आला आहे. कंपनीच्या मालकाचा मुलगा मार्शल चेस ही गोष्ट साफ नाकारतो. वायमनला आठवतें तें इतकेंच कीं, मडीनें त्यांचें सामान उचलूं लागलें. आम्ही मार्शल चेसच्या बाजूचे आहों. मडी त्या वेळीं कंपनीचा अग्रगण्य गायक होता, त्याच्या हातीं रंगाचा कुंचला देण्याचें कारण दिसत नाहीं. परंतु रिचर्ड्सनें ही कथा उराशीं कां धरावी? ज्यास आपण देव मानला तो मजुरी करतांना दिसला, ही कल्पना त्याच्या मनांत कोठें तरी सलत असली पाहिजे. आणि ती सल खोटी नव्हती.

कारण आतां आम्हांस त्या भागाकडे वळलें पाहिजे, ज्याविषयीं चाहते बोलण्याचें टाळतात. विद्या घेतली, तिचें मोल दिलें काय? लेड झेपलिनचें ‘होल लॉटा लव्ह’ हें १९६९ सालचें गाणें घ्या. त्यांतील शब्दांचा मोठा भाग विली डिक्सन यानें रचलेल्या व मडी वॉटर्सनें १९६२ सालीं गाइलेल्या गाण्यावरून आलेला आहे. तबकडीवर डिक्सनचें नांव नव्हतें. त्या तबकडीच्या लाखों प्रती खपल्या. डिक्सननें १९८५ सालीं दावा लावला, १९८७ सालीं तडजोड झाली, आणि त्यानंतर त्याचें नांव गाण्याखालीं लागलें. डिक्सन तेव्हां सत्तरी ओलांडून गेला होता. हें एकच उदाहरण नाहीं. लोकगीतांत असें चालतेंच, सांचा सर्वांचाच असतो, असा बचाव आमचे कित्येक स्नेही करतात, आणि आम्हींच वर ओवीचा दाखला दिला आहे. परंतु सांचा सर्वांचा असला तरी ओतलेला जिन्नस एकाचा होता, व त्याचा पत्ता पेजला व रॉबर्ट प्लँटला ठाऊक होता; मँचेस्टरच्या त्या जलशांत डिक्सनला पेजनें प्रत्यक्ष पाहिलें होतें. त्या गाण्यांतील गिटारीवर आमचें आजहि प्रेम आहे. मात्र तें ऐकतांना हा हिशेब आम्ही विसरत नाहीं, व चाहत्यांनीं तो विसरूं नये.

उलट बाजूहि तितकीच खरी आहे. क्रीम या मंडळीनें १९६६ सालीं स्किप जेम्सचें एक गाणें गाइलें, तेव्हां त्याचें नांव घातलें. त्याचे पैसे त्या आजारी वृद्धास त्याच्या अखेरच्या वर्षांत पोंचले. रोलिंग स्टोन्सनीं डिक्सनचें ‘लिटल रेड रूस्टर’ १९६४ सालीं त्याच्याच नांवानें काढलें आणि तें इंग्लंडांत पहिल्या क्रमांकास गेलें. एकाच पिढींत, कित्येकदां एकाच माणसांत, भक्ति आणि हिशेबांतील बेफिकिरी शेजारी शेजारी नांदत होती.

या गाण्याचीच पुढील हकीकत ऐकण्यासारखी आहे. १९७० च्या मे महिन्यांत हाउलिंग वुल्फला लंडनला आणून क्लॅप्टन, चार्ली वॉट्स, बिल वायमन, स्टीव्ह विनवुड इत्यादिकांबरोबर त्याची तबकडी काढण्यांत आली. वुल्फ साठीस टेंकला होता व प्रकृतीनें थकला होता. ‘रेड रूस्टर’ची पाळी आली तेव्हां या विख्यात वादकांस त्याची सुरुवात नेमकी जमेना. वुल्फनें साधी गिटार हातांत घेतली आणि कोठें थांबावें, कोठें उचलावें हें त्यांना वाजवून दाखविलें. तो तालमीचा तुकडाहि तबकडीवर ठेवलेला आहे. क्लॅप्टन सौजन्यानें म्हातारबोवांस आपल्याबरोबर वाजविण्याची विनंति करतो, म्हणजे आम्हांस तुमच्या मागून जातां येईल. आणि ताल हळूहळू बसतो. इंग्लंडांत गिटारीचा देव म्हणून ज्याचें नांव भिंतींवर लिहिलें जात होतें तो पंचवीस वर्षांचा मुलगा वर्गांतील विद्यार्थ्यासारखा बोलत आहे, हें ऐकून आम्हांस प्रत्येक वेळीं त्याच्याविषयींचा आदर वाढल्यासारखा वाटतो.

मधल्या तीस-पस्तीस वर्षांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पैसा आला, व्यसनें आलीं, मैदानें अधिकाधिक मोठीं होत गेलीं आणि संगीत त्या मानानें लहान. रोलिंग स्टोन्सच्या १९८० नंतरच्या बहुतेक तबकड्या आम्ही कर्तव्यबुद्धीनें ऐकल्या आहेत. २००३ च्या एप्रिलमध्यें ते बंगळूर व मुंबईसहि आले, व मुंबईचा जलसा ब्रेबोर्न मैदानावर झाला. जॅगर तेव्हां साठीस आला होता, आणि त्या वेळींहि हा आतां यांचा शेवटचाच फेरा असें जाणते लोक सांगत होते. या काळांतलें एकच स्मरण ठेवण्यासारखें आहे. २२ नोव्हेंबर १९८१ रोजीं शिकागोंतील चेकरबोर्ड लाउंज या लहानशा खोलींत मडी वॉटर्स गात असतां जॅगर, रिचर्ड्स व वुड त्याच्याबरोबर गावयास बसले. मोठमोठीं मैदानें गाजविणारा तो दौरा चालू असतांच ते तेथें गेले होते. मडी दीड वर्षांनीं, ३० एप्रिल १९८३ रोजीं वारला.

यानंतर शिष्य वृद्ध होऊं लागले, आणि आमच्या मतें त्यांची कला पुनः ऐकण्याजोगी झाली. २०१५ च्या डिसेंबरांत रोलिंग स्टोन्स लंडनच्या एका ध्वनिमुद्रणगृहांत नव्या गाण्यांकरितां जमले होते. तीं जमेनात, म्हणून हात मोकळा करण्याकरितां त्यांनीं एक जुनें ब्लूझ वाजविलें. तें साधलें, आणि मग तीन दिवसांत बारा गाणीं झालीं. क्लॅप्टन त्याच इमारतींत आपल्या कामांत होता, तो येऊन दोन गाण्यांत वाजवून गेला. ‘ब्लू अँड लोनसम’ या नांवानें पुढील वर्षीं निघालेली ही तबकडी त्या मंडळीच्या त्यापूर्वींच्या तीस वर्षांतील सर्व कामापेक्षां सरस आहे, असें आम्ही बेधडक म्हणूं. तींत जॅगरचा माउथ ऑर्गन ऐकावा. वीस वर्षांचा असतांना हा मनुष्य लिटल वॉल्टरची नक्कल करीत असे. बहात्तराव्या वर्षीं त्यास नक्कल करण्याची गरज उरलेली नाहीं.

आणि चार्ली वॉट्स. या तालवादकाविषयीं लिहितांना आमची लेखणी थोडी लांबते, त्यास वाचकांनीं क्षमा करावी. त्याचा जीव मूळचा जॅझमध्यें. वेष नेहमीं नेटका, चेहरा कारकुनासारखा निर्विकार. जोराच्या ठोक्याचा हात डाव्या ढोलावर पडावयाच्या क्षणीं उजवा हात झांजेवरून उचलून घ्यावयाचा, अशी त्याची लकब होती. त्यामुळें तो ठोका भोंवतालच्या गोंगाटांतून एकटाच, स्वच्छ निघून येई. शिवाय रिचर्ड्सची गिटार किंचित् पुढें व वॉट्स किंचित् मागें अशी चाल असे, आणि त्या अंतरांतच या मंडळीचा सारा डौल होता. दुसऱ्या मंडळ्या तालावर चालत. ही त्याच्यावर रेलून चाले. २४ ऑगस्ट २०२१ रोजीं वॉट्स ऐंशीव्या वर्षीं वारला. मंडळी चालू राहिली, व स्टीव्ह जॉर्डन हा कसलेला वादक त्याच्या जागीं आला. परंतु तो डौल आतां केवळ तबकड्यांत आहे.

वार्धक्याचा पुरावा केवळ लंडनकरांपाशींच मागावयाचा असें नाहीं. बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. पत्र्याच्या कारखान्यांत सतराव्या वर्षीं यंत्राखालीं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोंकें तुटलीं. तो डावखुरा असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच. कारखान्यांतील मुकादमानें त्यास जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी आणून दिली. राइनहार्टचीं दोन बोटें आगींत निकामी झालीं होतीं, तरी तो युरोपांतील पहिल्या प्रतीचा गिटारवादक झाला. आयोमीनें प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, तारा हलक्या लावल्या, पुढें सूरहि उतरवून घेतला. ब्लॅक सॅबथचा तो जड, खालचा आवाज असा एका जखमेंतून निघाला आहे. हीहि वडिलांपासून घेतलेलीच विद्या. ५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर या मंडळींतील मूळचे चौघे वीस वर्षांनीं एकत्र आले. गायक ऑझी ऑस्बोर्न यास कंपवातानें उभें राहवत नव्हतें. तो सिंहासनावजा खुर्चींत बसून गाइला. ज्या वस्तींत तो लहानाचा मोठा झाला ती तेथून हाकेच्या अंतरावर. २२ जुलै रोजीं, म्हणजे सतराव्या दिवशीं, तो वारला. त्या रात्रीं त्याचा सूर सर्वत्र लागला नाहीं, हें आम्हीहि ऐकलें आहे. तथापि तें पाहून ज्यास केवळ हंसूं आलें, त्याच्याशीं या विषयावर बोलण्यांत आम्हांस स्वारस्य नाहीं.

मेयॉल मात्र शेवटपर्यंत मेयॉलच राहिला. त्याची अखेरची तबकडी २०२२ च्या जानेवारींत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं निघाली, आणि तींतहि त्यानें नव्या वादकांस शेजारीं बसविलें होतें. २२ जुलै २०२४ रोजीं कॅलिफोर्नियांतील आपल्या घरीं तो नव्वदाव्या वर्षीं निवर्तला. त्याचीं मैदानें कधीं मोठीं नव्हतीं. म्हणून त्याच्या वयाची थट्टाहि कोणीं केली नाहीं.

रोलिंग स्टोन्सनीं २० ऑक्टोबर २०२३ रोजीं ‘हॅकनी डायमंड्स’ ही स्वतःच्या गाण्यांची तबकडी अठरा वर्षांच्या खंडानंतर काढली. दोन गाण्यांत वॉट्सचा पूर्वीं मुद्रित केलेला ताल आहे. एकांत वायमन परत आला आहे. एकांत पॉल मॅकार्टनी वाजवितो. तबकडी एकंदरींत बरी आहे, कोठें कोठें नको इतकी चकचकीत आहे. शेवटचें गाणें मात्र त्यांचें स्वतःचें नाहीं. ज्यावरून मंडळीला नांव मिळालें तें मडी वॉटर्सचें गाणें एकसष्ट वर्षांनीं त्यांनीं येथें घेतलें आहे. पावणेतीन मिनिटांच्या या गाण्यांत डार्टफर्डच्या फलाटावरचे ते दोघेच आहेत. जॅगर गातो व माउथ ऑर्गन वाजवितो, रिचर्ड्सच्या हातीं गिटार आहे. सांध्यांच्या विकारानें त्याचीं बोटें आतां जड झालीं आहेत, हें तो स्वतःच सांगतो. तें ऐकूंहि येतें. गरजेपेक्षां एक सूर अधिक तो वाजवीत नाहीं.